हलणारी पिशवी

आमच्या कोरड्या मुलखात कालव्याला सोडलेल्या पाण्याचं आवर्तन बंद झालं, की पुलाखालच्या डबक्यात मिशाळ मागूर मासे गोळा होतात. शेजारचे सदूमामा तिथंच गळ टाकून बसले होते.

"मामा, लागतंय का काही?" मी विचारलं.

"कसलं काय! नुसता गाळ आहे बघ."

पण मागूर पाण्याबाहेरही लवकर मरत नाही. मामांच्या मागची पिशवी उड्या मारत होती. त्यांनी शांतपणे तिच्यावर पाय ठेवला.

चांगली जागा सापडली, की भला माणूसही या माशासारखाच गाळात दडून मिशा तेवढ्या बाहेर ठेवतो. मला मामांची कीव आली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याआधी मी तिथं बसलो. मामा आले.

"लागतंय का काही?"

"नुसता गाळ," मी पिशवीवर पाय ठेवत म्हणालो.

"दोन्ही पाय ठेव," मामा म्हणाले, "शेपटी दिसतेय."