मळलेली पुस्तकं

सन दोन हजार अकरा. मी त्रेसष्ट वर्षांचा, वाचनालयातला चौथी शिकलेला शिपाई. परत आलेल्या पुस्तकाची पानं मळलेली दिसली की तेच मी पुढच्या पोराला सुचवायचो. कोरं परत आलेलं कुणी वाचलेलंच नसतं. किशोरांच्या मेळाव्यात एका मुलीला असंच एक दिलं.

ग्रंथपाल बाई सगळ्यांसमोर हसल्या, "काका, तुम्ही तरी वाचलंय का हे? जा, चहा आणा."

मुलीनं पुस्तक दोन बोटांनी बाजूला सारलं. बाईंचं सोडा, ती दोन बोटं अजून खुपतात. मळलेलं पान खोटं बोलत नाही, पण त्याच्या बाजूनं बोलायलाही शिकलेलाच माणूस लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पुस्तक मी माझ्या नावावर घेतलं आणि दारातल्या स्टुलावर बसून पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. बाई आल्या. मी उठलो नाही.