सकाळी नऊचा फोन

अख्ख्या नाशकात स्वतःच्याच नोकरांना घाबरणारा मालक एकच आहे, आणि तो माझा धाकटा दीर आहे. पंचवटीत भाऊजींचं चिवडा-फरसाणाचं छोटंसं दुकान, मागे भट्टी, कामाला चार-पाच माणसं. दुकान उघडतं साडेनऊला आणि माझा फोन वाजतो नवाला, बरोबर मी कुकर लावत असताना. "वहिनी, अजून कोणीच आलं नाही." अहो, उघडायला अर्धा तास आहे, कोण कशाला येईल? पण त्यांना वाटतं की आज सगळ्यांनी मिळून काम सोडलं. मग पहिली चप्पल दारात दिसली की दुसरा फोन. "आली एक." तोवर माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेलेल्या असतात.

'कामासाठी मुलं-मुली पाहिजेत' ही पाटी दुकान सुरू झालं तेव्हा लागली ती उतरलीच नाही. माणसं पुरेशी असली तरी पाटी हवीच, उद्याचं काय सांगावं. कोणी विचारायला आलं की मुलाखत भाऊजी देतात आणि समोरचा घेतो. पंखा नवा आहे, चहा दोनदा मिळतो, वायफाय परवाच बसवलं, असं सांगताना त्यांचं सगळं लक्ष समोरच्याच्या चेहऱ्याकडे असतं. एवढं करूनही एक जण पहिल्याच दिवशी जेवायला म्हणून गेला, तो अजून जेवतोच आहे. त्याची पाण्याची बाटली भाऊजींनी फडताळात जपून ठेवली आहे, येईल म्हणून.

रागवायचं कोणाला? रागावलं तर माणूस जाईल. पोहे करपले तर "आज जरा जास्तच खमंग झालेत" म्हणतात. अगदीच असह्य झालं तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला फोन लावतात आणि मला झापतात. "वहिनी, किती वेळा सांगितलं, खोबऱ्याचे काप मंद आचेवर तळायचे म्हणून. लक्ष कुठे असतं तुमचं?" पहिल्यांदा असा फोन आला तेव्हा माझ्या घरात खोबऱ्याचा तुकडा नव्हता. मी रडायच्या बेतात होते. आता मी नुसतं "बरं" म्हणते आणि भाजी चिरत राहते.

या सगळ्यात टिकली ती एक सुवर्णा. बारावी झाल्या झाल्या काउंटरवर आली, ती राहिली. गिऱ्हाइकाचा हात पिशवीकडे जायच्या आत हिचं वजन झालेलं असायचं. भाऊजींना काका म्हणायची आणि सरळ दटावायची, "काका, पाटी पुसा, नाहीतर काढा." ती आहे तोवर दुकान आहे, असं ते दिवसातून दहादा म्हणत. ती नवा ड्रेस घालून आली की भाऊजी लगेच मला फोन लावत. नक्की दुसरीकडे मुलाखत असणार.

त्यातच पलीकडच्या चौकात एसीवालं मोठं फरसाणाचं दुकान निघालं. त्यांची माणसं म्हणे गिऱ्हाईक होऊन येतात आणि चांगली पोरं उचलतात. भाऊजींची झोप उडाली. एका दुपारी सुवर्णा आत जेवायला गेलेली असताना कडक इस्त्रीच्या शर्टातले दोघं आले. पाव किलो चिवडा घेतला आणि हळूच विचारलं, "काउंटरवरची मुलगी कशी आहे हो? कामाला, स्वभावाला?" भाऊजींनी ओळखलंच. म्हणाले, "कशाला नाव काढता? तोंडाळ आहे, अंगचोर आहे, एक दिवस आली की दोन दिवस आजारी." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि निघून गेले. लगेच मला फोन. "वहिनी, वाचवलं सुवर्णाला."

तीन-चार दिवसांनी सुवर्णा डोळे सुजवून कामावर आली. सटाण्याचं स्थळ होतं, मुलगा तिला आवडला होता, त्यालाही ती आवडली होती. ठरेपर्यंत कुठे बोलायचं नाही असं आईनं बजावल्यामुळे दुकानात तिनं काही सांगितलं नव्हतं. मुलाकडच्यांनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे गुपचूप चौकशी केली आणि नकार कळवला. मुलीबद्दल चांगलं ऐकलं नाही म्हणे. भाऊजी हातातलं माप तसंच धरून उभे राहिले.

संध्याकाळी माझ्याकडे आले. चहा गार झाला तरी कप उचलला नाही. "वहिनी, मी गप्प बसलो तर कोणाला कळणार नाही. आणि ती राहील दुकानात." एवढं बोलले आणि स्वतःच्याच बोलण्यानं दचकले. मला इतका राग आला होता की मी भांडी आपटत होते. पण त्यांचा चेहरा बघवेना. "उद्या सकाळची सटाण्याची एसटी किती वाजता आहे ते बघा," मी म्हटलं, "मी येते बरोबर."

वाटभर ते काय बोलायचं ते घोकत होते. सटाण्यात त्या घरी गेलो तर दार उघडलं ते त्या इस्त्रीवाल्यांपैकीच एकानं, मुलाच्या मेव्हण्यानं. भाऊजींचं पाठांतर तिथेच संपलं. "मी खोटं बोललो. तुम्हाला मोठ्या दुकानाची माणसं समजलो. पळवून न्याल म्हणून बोललो." मग आतून मुलाची आई आली, भाऊजींना खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "म्हणजे पोर चांगली शे ना मंग?"

"चांगली आहे म्हणूनच तर खोटं बोललो ना हो," भाऊजी म्हणाले, आणि परक्याच्या ओसरीवर चक्क रडायला लागले. त्या माउलीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हणाली, मालक एवढा रडतो ती पोर आम्हाला पाहिजेच.

सुवर्णाला त्यांनी स्वतः सगळं सांगितलं. ती "मला विचारायचं ना, काका" एवढंच म्हणाली आणि कित्येक दिवस कामापलीकडे बोलली नाही. ते दिवस भाऊजींनी कसे काढले ते मला माहीत आहे, कारण फोन मलाच यायचे. लग्नात मात्र वाढायला पंगतीत तेच होते, आणि पाठवणीच्या वेळी तिच्या आईनंतर ती त्यांच्याच पाया पडली.

काउंटरवर आता नवी मुलगी आहे, पाटी आहे तिथेच आहे. पण माझा नऊचा फोन बंद झाला. एकदा काळजीनं मीच लावला तर बराच वेळ बिझी. शेवटी लागला तेव्हा भाऊजी जरा लाजून म्हणाले, "सुवर्णाचा होता, सटाण्याहून. रोज या वेळेला करते. विचारते, काका, आलं का कोणी?"

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. हल्ली माझ्या कुकरच्या शिट्ट्या अगदी बरोबर मोजून होतात, आणि मला ते मुळीच आवडत नाही.