येडूआबांची सोपी वाट

आमचे सासरे येडूआबा दिवाळीपासून दारातल्या लिंबाखाली बसून आहेत. दिवाळीनंतर मेंढरं विकली. त्याआधी पन्नास वर्षं हा माणूस चालतच होता. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्यात, आता बसा. आबा बसले ते बसलेच, आणि बोलायचंही थांबले. मी अंगणवाडीतून दमून यायचं, चूल पेटवायची आणि भिंतीशी बोलावं तसं त्यांच्याशी बोलायचं.

त्यात हे चालण्याचं खूळ आलं. माझा नवरा अजिनाथ सोलापुरात शाळेची गाडी चालवतो. त्याच शाळेतून निवृत्त झालेले गुरुशांत सर त्याला म्हणाले, आमचा पंधरा जणांचा ग्रुप आहे, महिन्याला कुठंतरी चालायला जातो. तुमच्या सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागा आहेत, टेकड्या आहेत, एखादी सोपी वाट बघा. आमच्यातलं कुणीच साठीच्या अलीकडचं नाही. अजिनाथनं परस्पर सांगून टाकलं, आमचा बाप नेईल की. ह्याचं काय जातंय सांगायला. पंधरा जणांच्या भाकरी थापायच्या कुणी?

पण आबा ताठ झाले. "मी पुढं चालनार," म्हणाले. तीन महिन्यांत त्यांच्या तोंडून एवढं मोठं वाक्य मी ऐकलं नव्हतं. म्हणून मी नको म्हणाले नाही.

मग आठ दिवस घरात तेच. सर फोनवर विचारायचे, किती किलोमीटर होईल? आबा सांगायचे, "मेंढरं दिस उगवताना सोडली तर न्याहारीच्या वक्ताला बिरोबाच्या देवळापाशी पोचत्यात." सर बिचारे बरं म्हणायचे. नुकत्या व्यालेल्या मेंढ्या आणि चार दिवसांची कोकरं न्यायची वाट वेगळी असते म्हणे, चढ नसलेली. आबांनी तीच धरली. त्या वाटेवर पूर्वी मोकळा माळ होता, आता धोंडीराम अण्णांची डाळिंबाची बाग आहे. बाग झाल्यापासून, म्हणजे पंधरा वर्षं, ती वाट आमच्या मेंढरांना बंद. मी तसं म्हणालेही. "आता मेंढरंच न्हायती," आबा म्हणाले, "मग कोन कशाला अडवतंय?"

मंडळी पुढच्या रविवारी येणार होती, म्हणून ह्या रविवारी आबा आणि मी वाट चालून बघायला निघालो. आठवड्यातला माझा एकच मोकळा दिवस. आबांनी धुतलेला पटका बांधला होता. त्यांना सगळ्यांच्या पुढं चालायचं होतं, बाकी कशाचं त्यांना काही नव्हतं. आणि एकदा चालून झालं की हे घरात पुन्हा बोलतील, एवढी माझी आशा होती.

बागेच्या फाटकात धोंडीराम अण्णाच भेटले. पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. आबांनी कशासाठी आलो ते सांगितल्यावर मात्र म्हणाले, "येडूदा, आत न्हाय जमायचं."

आबा हसले. "आरं, मेंढरं इकली की."

"मेंढरांचं न्हाय गा. झाडावर फळं हायती. तेल्या पडला तर सगळी बाग जाती. त्यो रोग कुनाच्या कापडाला, कुनाच्या पायताणाला लागून येतोय ते कळत न्हाय. माझ्या पावण्यांना बी मी आत घेत न्हाय."

"मला वाटायचं, मेंढरं पाला खात्यात म्हून हाकलतोस."

"ते बी व्हतंच," अण्णा म्हणाले.

मेंढरांपायी आबांनी जन्मभर शिव्या खाल्ल्या, त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. आज एकट्याला अडवलं, ते लागलं. मला अण्णांचा रागही येईना, कारण त्यांचं खरं होतं.

आता उरली खिंडीची वाट. काही फार नाही, सरपणाला मी पाव तासात चढते. आबा तीनदा बसले. चौथ्यांदा बसले ते उठेनात. गुडघा दाबत वर बघत राहिले. मला इतकं वाईट वाटलं की राग आला.

"आबा, घरी चला. सरांना मी सांगते, तुम्हाला लग्नाला जायचंय. त्यांना मी नेते वर."

"तू नेशील?"

"नेईन की. त्यात काय."

आबा म्हणाले, "फोन लाव."

सर खुशीत होते. सगळ्यांनी टोप्या आणल्या म्हणे. आबा म्हणाले, "सर, नका येऊ."

मी हातानं खुणा करतेय, लग्न, लग्न. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"सोपी वाट बंद झाली. दुसरी खिंडीतनं हाय, ती माझ्यानं व्हत न्हाय. माझ्यानं व्हत न्हाय ती सोपी म्हून तुमास्नी कशी सांगू? तुमचं बी गुडघं माझ्याच वयाचं."

सर म्हणाले, बरं झालं सांगितलंत, आम्ही दुसरीकडं बघतो.

पहिल्या दिवसापासून मला हे नकोच होतं. भाकरी वाचल्या, पुढचा रविवार वाचला. आणि मीच आबांवर ओरडले, "एक लग्न सांगितलं असतं तर काय बिघडत होतं?"

आबांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "धर."

सासऱ्याचा हात सुनेनं धरायची आमच्यात रीत नाही. चौदा वर्षांत त्यांना साधा तांब्या दिला तरी मी खाली ठेवून दिलाय. मी पदर सावरला, हात धरला आणि आम्ही उतरायला लागलो. चढताना दुखलं नव्हतं एवढं त्यांना उतरताना दुखत होतं.