गाळणीवरचे मणी

माझा तापटपणा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या दिवशी तो साहेबांवरच निघाला. कुळाचारासाठी आईकडे धारला आले होते. पानं वाढली होती, तेवढ्यात देवासच्या आमच्या प्रयोगशाळेतून साहेबांचा फोन.

"तुझं मटेरियल मीच धुऊन छानून टाकलं. पानी सगळं बाटलीत सेफ आहे."

"आणि वरचे मणी, सर?"

"ते तर कचऱ्यात गेले ना."

साहेबांची हयात कारखान्यात गेलेली. गाळलं की खालचं ठेवायचं, वरचं फेकायचं, हे हाताचं वळण. माझं काम नेमकं उलटं. रव्याएवढ्या प्लास्टिकच्या मण्यांवर औषधाचा रेणू चिकटवायचा आणि तुकडा तुकडा जोडत वाढवायचा. दर वेळी मणी ठेवायचे, पाणी ओतून द्यायचं. शेवटी आम्ल घालून रेणू सोडवायचा. तेवढंच उरलं होतं. हा नमुना वेळेत पाठवला गेला नाही तर आमचा विभाग बंद आणि माझी बदली हैदराबादला, हे आधीच बजावलेलं. आई धारला एकटी असते.

"सर, कचऱ्याची गाडी थांबवा!" मी ओरडलेच. आई म्हणाली, "अगं, दोन घास तरी खा." मी तशीच बस गाठली. इंदूरला बस अडकली तेव्हा ड्रायव्हरला म्हटलं, "भिया, जरा दबाके!" तो म्हणाला, "मॅडम, उडा दूँ क्या?" मला हसूही आलं नाही.

गेटवर साहेब हातमोजे घालून पिशव्या उपसत होते. गाडीवाला वैतागून उभा. एका ओल्या गाळणकागदाला पिवळसर मणी चिकटलेले मला दिसले. मी ते कागदासकट उचलून प्रयोगशाळेत नेले.

मणी रेणूला घट्ट धरून ठेवतात, घाण धुऊन जाते, ही त्यांची खुबी. पण आत भलतंच काही मुरलं असेल तर? पुन्हा पुन्हा धुतले. आम्ल घातलं, मणी लाल झाले, ते होतातच. गाळलेलं आम्ल आटवून थंड ईथरमध्ये सोडलं; रेणू असला तर तिथे पूड होऊन वेगळा पडतो. काहीच नाही. साहेब शेजारून वाकून बघत होते. मी रडकुंडीला आले. मग ईथर गढूळ झालं आणि पांढरी पूड हळूहळू तळाशी बसली. मशीनमध्ये तपासली, आमचाच रेणू होता.

आईला फोन करून परत आले, तर साहेब रिकामे मणी चमच्याने बाटलीत भरत होते.

"सर, आता ते खरंच फेकायचे."

त्यांनी झाकण घट्ट लावलं. "तूच फेक बाई. माझ्याच्यानं नाही होणार."