सूरवाल्यांच्या घरातली खटखट

सूरवाल्यांच्या कानाबद्दल काय सांगावं! चाळीस वर्षं लोकांच्या घरचे पियानो सुरात लावून दिले. रस्त्यानं जाताना वरच्या मजल्यावरचा पियानो बेसूर ऐकू आला, तर खालूनच हाक मारायचे, "अहो, डावीकडची तार उतरलीय!" अशा माणसाच्या स्वतःच्या घरात पंधरा दिवस नुसती खटखट चालली होती, आणि त्या खटखटीनं त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

झालं असं, की सूरवाल्यांच्या धाकट्या भावानं आपल्या वहिनीला, म्हणजे सूरवाल्यांच्या बायकोला, मिडी कीबोर्ड आणून दिला. संगणकाला वायरनं जोडायचा, संगणकात वाद्यांचं सॉफ्टवेअर घालायचं, मग हवं ते वाजवा. रोज दुपारी भाऊ यायचा. बाई हेडफोन लावून बसायची. सूरवाल्यांच्या वाट्याला काय, तर प्लॅस्टिकची खटखट आणि दोघांचं हसणं.

"वहिनी, आधी सेटिंगमध्ये जा. कीबोर्डाचं नाव दिसतंय? त्यावर खूण करा. आता वाद्य निवडा."

"अगंबाई! भावोजी, आली हो बासरी!"

बाहेरच्या खोलीत सूरवाले एकच बातमी चौथ्यांदा वाचत होते. घरच्या पियानोवर ही बाई बसली होती ती एकदाच, लग्नाच्या पहिल्या वर्षी. चार सूर वाजले नाहीत तोच हे म्हणाले होते, "मनगट वर. अंगठा आत." ती उठली ती उठलीच. आणि आता धाकट्याशी बासऱ्या काय, खिदळणं काय! सूरवाल्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड.

एकदा बाई बाजारात गेल्याचं बघून त्यांनी तो कीबोर्ड वायरीतून सोडवून मांडीवर घेतला. पट्टी दाबली. ढिम्म! दुसरी दाबली. तीही मुकी. 'बिघडलेला माल आणून दिलाय लेकानं,' असं म्हणताना त्यांचा चेहरा काय खुलला! लगेच हत्यारांची पेटी काढली, स्क्रू सोडवले. पण आत ना हातोड्या, ना तारा. रबराच्या पट्ट्या आणि तळहाताएवढं सर्किट. आवाज निघायची जागाच सापडेना. तेवढ्यात बाई दारात.

"अहो! हे काय मांडलंय?"

"बघत होतो. यात आवाजच नाहीये."

"त्यात नसतोच मुळी! कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली, एवढंच तो संगणकाला सांगतो. आवाज संगणक काढतो. भावोजींनी पहिल्याच दिवशी शिकवलं. थांबा, त्यांनाच बोलावते."

"काही नको! आयुष्यभर पियानो उघडले मी. हे खेळणं मला मिटवता येत नाही?"

घाम पुसत त्यांनी स्क्रू बसवले. बाईनं वायर जोडली, हेडफोनकडे हात नेला.

"राहू दे की ते. मलाही ऐकू दे."

"तुम्ही चुका काढाल."

"नाही काढत."

बाई घाबरत घाबरत वाजवू लागली. दोन ओळी झाल्या आणि स्वतःच थांबली. "बघा ना, पट्टी आधी, सूर मागून. हात जड झालेत माझे. भावोजी म्हणतात, वयानं होतं, सरावानं जाईल."

सूरवाल्यांनी कान टवकारले. "पुन्हा वाजव. हळू. आता जोरात." मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "वय कसलं डोंबलाचं! हात बरोबर आहेत तुझे. आवाजच उशिरा येतोय. दर वेळी तेवढाच. हात चुकले असते, तर कधी कमी, कधी जास्त चुकले असते."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं सेटिंग उघडलं. तिथं 'बफर' म्हणून एक आकडा होता, एक हजार चोवीस. खाली लिहिलं होतं, आकडा मोठा तितका आवाज उशिरा. तिनं तो एकदम बत्तीसवर आणला, तर आवाज तेलात मोहरी पडल्यासारखा तडतडायला लागला. एकशे अठ्ठावीसवर नेला आणि सूर बोटाला चिकटूनच निघाला!

बाई खळखळून हसली. आणि पहिलं काय केलं, तर फोनकडे हात. "भावोजींना सांगते!"

सूरवाल्यांनी फोन उचलून कपाटावर ठेवला, तिचा हात पोचणार नाही इतका आत.

"उद्या सांग. पंधरा दिवस त्याला ऐकवलंस. आज मला ऐकव."

"सगळं ऐकावं लागेल हं. चुकांसकट."

"चुकांसकट."

त्यांनी खुर्ची ओढली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.