मम्मीला सांगायचं नाही

नाताळला आमच्या घरी करंज्या, शंकरपाळे, चकल्या असं सगळं होतं, अगदी दिवाळीसारखं. त्यात केकची भर. अमरावतीच्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकच, त्यामुळे पंचवीस तारखेला जेवणं झाली की सगळी गल्ली फराळाला येते आणि चहाचं पातेलं संध्याकाळपर्यंत गॅसवरून उतरत नाही. मला हा दिवस फार आवडायचा. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे असते, आणि माझी मोठी बहीण, माझी ताई, दरवर्षी चोवीस तारखेला भाऊजींना आणि मुलीला घेऊन अकोल्याहून यायची. केक तीच आणायची, कारण माझा केक मधोमध बसतो.

सांगायचं आहे ते दोन वर्षांपूर्वीच्या नाताळबद्दल. पण ताई माझी कोण होती, ते आधी सांगायला हवं.

लग्नानंतर बरीच वर्षं आम्हाला मूल झालं नाही. दत्तक घ्यायचं ठरवलं तेव्हा आईनं माझ्याशी बोलणंच टाकलं. "कोणाचं लेकरू, कोण जाणे," एवढंच तिचं पालुपद. ताई मुद्दाम अकोल्याहून आली आणि आईसमोर बसून म्हणाली, "आई, लेकरू जो वाढवन त्याचं असते. तू आमाले कापूस वेचता वेचता वाढवलं, तवा कोणाचं लेकरू म्हून कोणी इचारलं होतं का?" त्या संध्याकाळी आई माझ्याशी बोलली. पुढं अकोल्यातल्याच एका शिशुगृहातून आम्ही आमची लेक आणली. त्या दिवशीही ताई सोबत होती. बाळ हातात धरायची मला भीती वाटली. अमरावतीपर्यंत ताईनंच तिला मांडीवर घेतलं. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा तिनं बाळ माझ्या कुशीत दिलं आणि म्हणाली, "घे आता. तुही हाय ते." नंतर दोन वर्षांनी मला मुलगा झाला. पण आई मी त्या दिवशी मूर्तिजापूरला झाले, असंच मला वाटत आलं.

घरातल्या मोठ्यांना सगळं माहीत होतं. लेकीला मात्र ते आम्ही नवराबायकोनंच सांगायचं, असं ठरलं होतं. शिशुगृहातल्या बाईंनी बजावलं होतं, थोडं थोडं सांगत जा, पण तिला ते आईबापांच्या तोंडूनच कळू द्या. म्हणून मी तिला झोपताना एक गोष्ट सांगायचे. एक बाई आणि एक माणूस असतात, त्यांना बाळ हवं असतं, मग ते गाडी घेऊन दूरच्या गावाला जातात आणि तिथं एक बाळ त्यांची वाट बघत असतं. लेकीला ती गोष्ट पाठ होती. फेब्रुवारीत तिला सात वर्षं पूर्ण होणार होती. त्या दिवशी तिला सांगायचं, की गोष्टीतलं बाळ म्हणजे तू. हे मी ताईला फोनवर सांगितलंही होतं. ताईला सांगितल्याशिवाय माझं कोणतंच ठरणं पक्कं व्हायचं नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत लेक आठवडाभर ताईकडे राहून आली. आली ती वेगळीच. भावाशी भांडेना. दप्तर स्वतः भरायची, दुधीची भाजी मुकाट्यानं खायची, गोड काही आलं तर मोठा तुकडा भावाला द्यायची. झोपतानाची गोष्ट नको म्हणायची. मला वाटलं, पोरगी मोठी झाली. मी कौतुकानं ताईला फोन केला. "ताई, तुह्याकडून काय शिकून आली वं ही? एवढी शहाणी झाली!" ताई पलीकडून म्हणाली, "हो न. समजदारच हाय ते." तिचं हे वाक्य मी नंतर किती वेळा ऐकलं असेल मनात!

चोवीस तारखेला ताई आली. दारात पाऊल ठेवताच लेकीला म्हणाली, "काऊन वं, लपून काऊन रायली? नवीन वर्षाले चालते न माह्यासंग अकोल्याले?" लेक माझ्या मागं सरकली आणि माझा कुर्ता तिनं मुठीत धरला. मी हसून म्हणाले, "लाजते."

दुसऱ्या दिवशी सकाळची उपासना झाली, घरी आलो. जेवणाआधी मुलांचं एक छोटं नाटक होतं आमच्याकडे. पलंगाची चादर म्हणजे गोठा, ओढण्या, उशा, आणि कोणीतरी मेंढरू. ताईची मुलगी दहा वर्षांची, त्यामुळे सगळी सूत्रं तिच्याकडे. माझा चार वर्षांचा मुलगा बाळ येशू व्हायला तयार झाला, तेही हातात करंजी मिळाल्यावर. पण मरीया कोण होणार यावरून दोघी मुली अडल्या.

"तो माझा भाऊ आहे, म्हणून मरीया मी," लेक म्हणाली.

"तुझा खरा भाऊ थोडीच आहे तो!" भाची म्हणाली. "तो मावशीच्या पोटातून आला. तू तर..."

आणि ती थांबली. थांबून तिनं माझ्याकडे बघितलं नाही, ताईकडे बघितलं. चूक झाली की मुलं ज्यांनी आधी ताकीद दिलेली असते त्यांच्याकडे बघतात. मी ताईकडे वळले. ताईनं मान खाली घातली होती.

माझा नवरा सोफ्यावरून अर्धवट उठला आणि तसाच थांबला. बोलली ती माझी लेकच. डोक्यावरची निळी ओढणी सारखी करत ती भाचीला हळूच, समजावल्यासारखं म्हणाली, "मला माहीत आहे. पण मम्मीसमोर नाही ना बोलायचं. मावशीनं सांगितलंय ना, मम्मीला सांगायचं नाही."

त्यानंतर मी काय केलं, तर ओढणीला पिन लावून दिली. मुलं वाट बघत होती, त्यांचं नाटक व्हायचं होतं. माझी लेक मरीया झाली, तिनं भावाला मांडीवर घेतलं, आम्ही टाळ्या वाजवल्या. पिन लावताना तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं होतं, मी रडते की काय हे तपासायला. मी रडले नाही.

नाटक संपल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. ताई आधीच तिथं होती, कोरड्या वाट्या पुन्हा पुसत होती. आई खाली बसून कोथिंबीर निवडत होती.

"कवा सांगतलं तिले?" मी विचारलं.

"दिवाळीत. पाह्य, तू लगेच..."

"कोणं सांगतलं?"

"झोक्यावरून भांडल्या दोघी. माह्या पोरीच्या तोंडून निंगून गेलं. मंग तुही लेक माह्याजवळ आली अन् म्हणे, मावशी, खरं हाय का? आता लेकरासंग खोटं बोलू का मी?"

"तुह्या पोरीले कोणं सांगतलं होतं?"

ताईनं वाटी खाली ठेवली. "घरात बोलणं होतच असते. ते काई लहान नाई आता."

"अन् मले एक फोन नाई करता आला?"

"तू रडली असती. रातोरात गाडी करून आली असती. मी म्हटलं, फेब्रुवारीत तू सांगणारच हायेस. तवरोक चूप राहीन ते. समजदार हाय."

"सहा वर्षाचं हाय ते, ताई."

तेवढ्यात आई खालूनच म्हणाली, "जाऊ दे न वं. सणाच्या दिवशी कायले?" तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं. "आई, तुले माहीत होतं?"

आई कोथिंबीर निवडत राहिली. ती माझ्याच घरात राहते. तीच लेकीची वेणी घालते, शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायलाही तीच जाते. दोन महिने ती, ताई, भाऊजी, दहा वर्षांची भाची आणि माझी सहा वर्षांची लेक, सगळ्यांनी मिळून माझ्यापासून एक गोष्ट लपवून ठेवली होती, आणि मी फोनवर ताईला लेकीच्या शहाणपणाचं कौतुक सांगत होते. मुलीला कळलं याचं दुःख मी गिळलं असतं. आज ना उद्या कळायचंच होतं. पण तिला कळलं तेव्हा ती धावत माझ्याकडे येऊ शकत नव्हती, कारण माझ्या बहिणीनं तिच्या तोंडावर बोट ठेवलं होतं. पहिल्या रात्री ती कोणाजवळ झोपली, काय बोलली, रडली का, हे मला आजही नीट माहीत नाही. ताई म्हणते, रडली नाही.

जेवताना भाऊजींनी वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "आता मरीयेच्या नवऱ्याचं, योसेफाचंच पाहा न," ते म्हणाले, "त्यानं बी दुसऱ्याचं लेकरू आपलं म्हून..." मी म्हणाले, "भाऊजी, आज नको." रस्सा छान झाला होता, असं नवरा नंतर म्हणाला. मला चव आठवत नाही.

मग गल्ली आली. समोरच्या काकू, माझ्या ऑफिसातली मैत्रीण तिच्या सासूला घेऊन, वरच्या मजल्यावरची नवी जोडी. मी ताटल्या भरत होते, ताई त्या नेऊन देत होती. प्रत्येक ताटली तिच्या हातात देताना आमची बोटं लागत होती. "दोघी बहिणी किती सारख्या दिसता हो," मैत्रिणीची सासू म्हणाली. आम्ही दोघीही हसलो.

दिवे लागायच्या वेळी गर्दी ओसरली. लेक दिसेना, म्हणून मी गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीजवळ बसून ती संत्रं सोलत होती. मी शेजारी बसले. म्हणाले, "बाळा, त्या गोष्टीतलं बाळ कोण होतं, ते तुला कळलं ना?"

तिनं होय म्हणून मान हलवली. संत्र्याच्या शिरा काढत राहिली. मग म्हणाली, "मला अकोल्याला नाही पाठवणार ना?"

तेव्हा मला कळलं. ताई सहज म्हणायची, चल अकोल्याला. आपल्याला अकोल्यातूनच आणलं हे दिवाळीत कळलेल्या लेकीला ते परत नेऊन सोडणं वाटत होतं. म्हणून दुधी, म्हणून दप्तर, म्हणून भावाला मोठा तुकडा. दोन महिने माझी पोर माझ्याच घरात पाहुण्यासारखी नीट वागत होती, आणि विचारायला तिच्याजवळ कोणी नव्हतं.

मी तिला जवळ घेतलं. कुठंच पाठवणार नाही, कधीच नाही, असं कितीदा तरी म्हणाले. तिला अवघडल्यासारखं झालं असावं, कारण ती म्हणाली, "मम्मी, संत्रं दबतंय." मग नवराही वर आला. आम्ही दोघांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, मूर्तिजापूरसकट. त्यात ताई येतच होती. ताईला वगळून ती गोष्ट सांगताच येत नाही. ताई तुला मांडीवर घेऊन बसली होती, हे मी सांगितलं, आणि सांगताना माझ्या तोंडाला कडवट चव आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना ताई फाटकाजवळ थांबली. डोळे सुजलेले होते. "माफ कर," म्हणाली. "वाईट हेतू नव्हता माहा." आमच्या घरात माफी मागितली की देतात, लहानपणापासून तसंच शिकवलंय. "केलं," मी म्हणाले. ती मला मिठी मारायला पुढं आली. मी मुलाचं स्वेटर सारखं करायला खाली वाकले.

आईशी मी काही दिवस कामापुरतं बोलले. तिचं वय झालंय, आणि एकाच घरात अबोला किती चालवणार? एकदा वेणी घालताना ती लेकीला म्हणाली, "तुले काई बी असलं तं पयले मायले सांगत जाय." मी दाराबाहेर उभी होते. मला बरंही वाटलं आणि रागही आला.

फेब्रुवारीत वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही लेकीला अकोल्याला नेलं आणि बाहेरून शिशुगृहाची ती इमारत दाखवली. तिनं विचारलं, "इथं झोका होता?" होता, म्हटलं. मग तिला भूक लागली. जवळच्या हॉटेलात आलूबोंडा खाल्ला आणि घरी आलो. ताईचं घर मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात. गाडी पुलाकडे वळवू का, असं नवऱ्यानं विचारलं. मी नको म्हणाले.

गेल्या नाताळला ताई आली, केक घेऊन आली, सगळं पूर्वीसारखं झालं. मुलांचं नाटकही झालं. आमचे फोनही होतात. आईच्या गोळ्या, थंडी, कोणाचं लग्न. मध्यंतरी माझी बदली होणार होती, आठ दिवस मला झोप नव्हती. तिचा फोन आला तेव्हा मी तिला तुरीच्या डाळीचा भाव सांगत बसले. पूर्वी असं काही झालं की सगळ्यात आधी मी कोणाला फोन लावायचे, हे ती विसरली असेल असं नाही. तिनंही काही विचारलं नाही.

लेकीला मात्र मावशी हवी असते. एकदा मला म्हणाली, "तू मावशीवर रागावलीस ना? माझ्यामुळं. मी बोलायला नको होतं." मी तिला म्हणाले, तू बोललीस तेच बरं झालं, आणि मोठ्यांच्या भांडणात तुझी काहीच चूक नाही. तिला ते पूर्ण पटलंय असं वाटत नाही. म्हणून मी त्या दोघींना बोलू देते. रविवारी ती माझा फोन घेऊन आतल्या खोलीत जाते आणि मावशीला आठवड्याचं सगळं सांगते, शाळेतलं, भावाचं, मांजराचं. मी स्वयंपाकघरात असते. तिचा आवाज हसरा आणि मोठा असतो तोवर माझं काम चालू राहतं. तो जरा खाली गेला, की मी हात पुसते आणि काहीतरी न्यायच्या निमित्तानं त्या खोलीत जाते.