धुऱ्यावरचा वाघ

आमच्या गावात हरभऱ्याला घाटे भरले की तीन प्राणी हमखास दिसतात: रोही, रानडुक्कर आणि जावई.

पैकी जावयाचा बंदोबस्त सौ. करते. रोही (म्हणजे नीलगाय, नावात गाय, खाण्यात हत्ती!) माझ्याकडे. त्या वर्षी कापसानं दगा दिला होता, सोयाबीनला कुणी विचारत नव्हतं. उरला होता तो हरभरा, आणि त्याच्यावरच रोह्यांचा डोळा.

रोही बुजावेत म्हणून आम्ही सगळे शेताभोवती जुन्या साड्या बांधतो. पण आमचे रोही साड्यांना इतके सरावले होते की हळदीकुंकवाला आल्यासारखे मधून वाट काढत यायचे. एकानं तर सौ.च्या साडीचा पदरच खाल्ला! तेव्हा मला एक अक्कल सुचली. (घरात ‘अक्कल’ हा शब्द माझ्याबाबतीत सहसा कुणी वापरत नाही.) जावयाच्या पहिल्या संक्रांतीसाठी सौ.नं बाळापूरहून एक जाडजूड ब्लँकेट आणलं होतं. त्यावर ऐटीत बसलेला वाघ! ते पेटीतून गुपचूप काढलं आणि धुऱ्यावरच्या (म्हणजे शेताच्या बांधावरच्या) बाभळीला ताणून बांधलं. म्हटलं, जावई येईपर्यंत काढून आणू.

सकाळी शेजारच्या शेतातले रहीमभाई धापा टाकत दारात.

“भाऊ, वाघ! तुमच्या धुऱ्यावर वाघ बसून राह्यला! म्या सोता पाह्यला. शेपूट हालवत होता!”

ब्लँकेटवरच्या वाघाला शेपूटच नव्हतं. दुपारपर्यंत त्याला दोन पिल्लंही झाली. वनखात्याचा माणूस आला, रस्त्यावरूनच फोटो काढला आणि म्हणाला, “पूर्ण वाढ झालेला नर आहे. जवळ जाणं नियमात बसत नाही.”

आता खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात सरपंच ओरडत आले, “वाघापायी ओलिताची लाईन आता दिवसा भेटनार!”

मी तोंड मिटलं. कितीतरी हिवाळे आम्ही दिवसाची वीज मागत होतो. मोर्चे काढले, रस्ते अडवले. पण रात्रीच्या अंधारात साप-विंचू तुडवत पाणी देणं काही सुटलं नाही. माणसांनी मागून जे मिळालं नाही, ते एका पांघरुणानं मिळवून दिलं!

आणि जावई यायच्या दिवशी सौ.नं पेटी उघडली.

“अवं, ब्लँकेट कुठं गेलं?”

“शेतात हाय.”

“शेतात? काहून? रोह्याले थंडी वाजून राह्यली होती काय? आत्ताच्या आत्ता आना!”

मी धुऱ्यावर गेलो, तर रहीमभाई वाघाच्या सुटलेल्या कोपऱ्याला सुतळी बांधत होते!

“रहीमभाई! तुमाले मालूम होतं?”

“भाऊ, वाघाले चार कोपरे रायते का? साऱ्या गावाले मालूम हाय.”

“मंग बोलले काहून नाई?”

“दिवसा पानी देऊन राह्यलो, कायले बोलू? आन हे पाहा, ब्लँकेटले हात नोका लावू. वाघ गेला का लाईन गेली!”

मागे चार रोही वाघाकडे पाठ करून माझा हरभरा निवांत खात होते.

मी हात हलवत घरी आलो. सौ.नं ऐकून घेतलं आणि माझी एकुलती एक गोधडी जावयापुढे ठेवली. जावई शहरातला. “मामा, इथे वाघ आहे म्हणतात?” त्यानं विचारलं. गावाचं गुपित! मला “हो” म्हणावं लागलं. (त्यात पोरीनं त्याला सकाळी वाघ बघायला शेतात न्यायचं ठरवलं!) पहाटेच्या एसटीनं पोरीला घेऊन तो पसार झाला.

तिन्ही प्राण्यांत माझ्या वाघाला भ्यायला तो एकटा जावई. आणि थंडीचे दिवस म्हणून तो जाताना माझी गोधडी पांघरून गेला!